मुरघासाचा खड्डा की बॅगा? माप, ओल, बुरशी आणि कडब्याची गंज

माळरान
दहा दुभत्या संकरित गाई आहेत. जानेवारीअखेर मका पेरून एप्रिलमध्ये मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, करायचा विचार आहे. गाईला दिवसाला २० किलो धरले तर सहा महिन्यांना ३६ टन होतात. त्यासाठी ४० फूट लांब, १० फूट रुंद, ६ फूट खोल असा सिमेंटचा खड्डा बांधायचा म्हणतोय. शेजारच्या गावातले खड्डे उघडले की वरचा फूटभर थर काळा निघतो आणि पुढे रोज तोंडाशी बुरशी दिसते. ते कशाने होतं? माप बरोबर आहे का? शिवाय ज्वारीचा कडबा आणि लसूणघास वाळवून ठेवायचा आहे, त्याबद्दलही सांगा.

रवंथ
आकारमान बरोबर आहे, आकार चुकलाय.

नीट दाबलेला मुरघास घनफुटाला साधारण १७ किलो बसतो. तुमचा खड्डा २४०० घनफूट, म्हणजे ४० टन आणि वर थोडा. साठवणीत १०-१५ टक्के घट धरलीच पाहिजे, त्यामुळे ३६ टन खायला मिळायचे तर ४२ टनांच्या आसपास कापावं लागेल. एकरी १५ ते २० टन हिरवी मका धरली तर अडीच एकर. इथपर्यंत ठीक.

आता तोंडाकडे, म्हणजे मुरघास जिथून काढता त्या उघड्या बाजूकडे बघा. १० बाय ६ म्हणजे ६० चौरस फूट तोंड उघडं राहणार. तुम्ही रोज काढणार २०० किलो, म्हणजे जेमतेम १२ घनफूट. ६० चौरस फुटांवरून १२ घनफूट काढले तर रोज सव्वादोन-अडीच इंचच आत सरकाल. हवा मात्र सैल मुरघासात फूट-दीड फूट आत शिरते. म्हणजे आज जो थर गाईपुढे पडतो त्याला हवा लागून पाच-सहा दिवस झालेले असतात. तोंडाशी बुरशी दिसते ती यामुळेच. हिवाळ्यात रोज किमान ६ इंच आणि उन्हाळ्यात १० ते १२ इंच थर निघाला पाहिजे.

तोंडाचं माप रोजच्या खाण्यावरून काढायचं आणि लांबी एकूण टनांवरून. लोक उलटं करतात.

माळरान
मग ६ इंच निघायला तोंड २४ चौरस फूट हवं, म्हणजे ६ बाय ४. लांबी १०० फूट! आणि सहा फुटांत ट्रॅक्टर कसा फिरवायचा?

रवंथ
नाही फिरवता येत. म्हणूनच दहा गाईंना खड्डा परवडत नाही असं माझं मत. २५ गाईंच्या पुढे गेलात की ८ बाय ५ फुटांचं तोंड जमतं, रोज ५०० किलो निघतात, पावणेनऊ इंच सरकता आणि ट्रॅक्टरही चालतो. दहा गाईंसाठी बॅगा किंवा गाठी घ्या. त्यातही एक टनाची बॅग तुम्हाला पाच दिवस पुरेल, उन्हाळ्यात तिसऱ्या दिवसापासून ती गरम व्हायला लागते. ५०० किलोची अडीच दिवसांत संपते. बेलरने (गाठी बांधायच्या यंत्राने) बांधून वर प्लास्टिकची फिल्म गुंडाळलेल्या ७०-८० किलोच्या गाठी असतील तर रोज अडीच-तीन गाठी, उघडं काही उरतच नाही. गाठीला खर्च जास्त, हे खरं.

कुट्टीवाला
रवंथभाऊंच्या बॅगांच्या सल्ल्याला एक पुस्ती. बॅग पायाने तुडवून भरतात तेव्हा मधे दाबली जाते आणि कडेला, कोपऱ्यात पोकळ राहते. बुरशी नेहमी तिथूनच सुरू होते. एका वेळी अर्धा फूट भरा, कडेकडेने फिरत दाबा, मधे शेवटी. आतली प्लास्टिकची पिशवी ताणून बसवली नाही तर तिच्या घड्यांत हवा अडकते. तोंड बांधताना पिशवीचा गळा पिळून, उलटा दुमडून, मग सुतळी. नुसती गाठ मारू नका, सुटते.

आता मशीनचं. कुट्टी १ ते २ सेंमी. पात्यांना धार नसेल तर देठ कापला न जाता फाटतो आणि चोथ्यासारखी लांब साल निघते, ती दाबली जात नाही. चार-पाच टनांनंतर धार बघा आणि पातं व पट्टी यांतलं अंतर तपासा. आणि दाणा. लिटरभराच्या मापात कुट्टी घ्या, त्यात दोन-तीनपेक्षा जास्त आख्खे दाणे दिसले तर दाणा फुटत नाहीये. तो आख्खा दाणा शेणात तसाच बाहेर पडतो, म्हणजे पीठ उकिरड्यात.

जमिनीपासून ६-८ इंच सोडून कापा. बुडखा कापला की माती येते, मातीबरोबर नको ते जंतू येतात. चिखल लागलेला ट्रॅक्टर तसाच खड्ड्यात घालणारेही बघितलेत. चाकं धुवा हो.

नांगरफाळ
मका कधी कापायची हे दिवसांवर सांगतात, ८० दिवस, ८५ दिवस. थंडीत पेरलेली आणि उन्हात पेरलेली सारखी कशी असेल? कणसावरून कसं ओळखायचं?

रवंथ
कणीस मधोमध मोडा. टोकाकडचा अर्धा हातात धरून मोडलेल्या बाजूचे दाणे बघा. दाण्याचा वरचा भाग पिवळा, टणक असतो आणि बुंध्याकडचा, म्हणजे बिट्टीला चिकटलेला, पांढरा चिकाळ. दोन्हींच्या मधे रेघ दिसते. दिसत नसेल तर वरून नखाने टोचत खाली या, जिथे नख रुतून चीक येतो तिथे रेघ. ती दाण्याच्या अर्ध्यावर किंवा दोन तृतीयांश खाली आली की कापणी. तेव्हा आख्ख्या झाडाचा शुष्क भाग ३० ते ३५ टक्के भरतो. शेताच्या कडेची नको, आतली सात-आठ कणसं मोडा.

खात्री करायची तर कुट्टी करून मूठ. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि सोडा. बोटांतून पाणी गळलं तर ओली आहे, थांबा. गोळा तसाच राहिला पण पाणी नाही, हात ओलसर झाला, तर अजून जरा ओलीच, दोन-चार दिवस थांबता आलं तर बरं. गोळा हळूहळू उलगडला तर नेमकी वेळ. सोडताक्षणी विस्कटला तर उशीर झालाय. घरात मायक्रोवेव्ह असेल तर १०० ग्रॅम कुट्टी पसरून दोन-दोन मिनिटं फिरवायची, दर वेळी वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की जे उरेल तोच शुष्क भाग. ३३ ग्रॅम उरले तर ३३ टक्के. शेजारी कपात पाणी ठेवा, नाहीतर शेवटी कुट्टी पेटते. आणि वास घरात दोन दिवस राहतो, हे आधी सांगून ठेवा.

ओली भरली तर खालून रस गळतो. त्या रसाबरोबर साखर जाते, सिमेंट खाल्लं जातं आणि तो विहिरीत किंवा ओढ्यात उतरला तर पाणी नासतं, मासे मरतात. खड्ड्याच्या तळाला दर शंभर फुटांना एक-दोन फूट उतार आणि शेवटी रस गोळा करायची टाकी हवी. सुकी भरली तर दाबली जात नाही, आत हवा राहते आणि गरम होते.

कुट्टीवाला
ट्रॅक्टरने दाबायचं एक सोपं गणित: तासाला जितके टन कुट्टी खड्ड्यात येते त्याला ४०० ने गुणा, तितक्या किलोचा ट्रॅक्टर सतत फिरता हवा. ट्रॅक्टर २ टनांचा असेल तर तासाला ५ टन. यंत्र तासाला १० टन ओतत असेल तर एक तर दुसरा ट्रॅक्टर आणा नाही तर यंत्र हळू चालवा. थर अर्ध्या फुटापेक्षा जाड नको. दोन फूट ओतून मग वरून कितीही फिरवा, खालचा थर दबत नाही.

कडेला चाक भिंतीला घासून न्यायचं, पण भिंतीच्या वर मुरघास चढला की कडेने ट्रॅक्टर उलटतो. मडगार्डवर कोणी बसायचं नाही. अंधारात दाबू नका.

नांगरफाळ
आमच्याकडे सगळे टनाला १० किलो युरिया, २० किलो गूळ, ५ किलो मीठ, वर ताक टाकतात. हे हवंच का?

रवंथ
मक्याला नको. मक्यात साखर भरपूर असते, गुळाची गरजच नाही. ताकापेक्षा पाकिटातलं कल्चर, म्हणजे चारा आंबवणारे जंतू, घ्यायचं तर घ्या. कुट्टीच्या दर ग्रॅमला किमान एक लाख जिवंत जंतू पडतील असा डोस पाकिटावर बघा, ते बिनक्लोरीनच्या पाण्यात मिसळून फवारा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या जंतूंना मारतं. पण वेळेवर कापलेली, नीट दाबलेली मका कल्चरशिवायही छान मुरते. उशिरा झाकलेल्या खड्ड्याला कोणतंही पाकीट वाचवत नाही.

युरियाचं गणित तर जरूर करा. टनाला १० किलो म्हणजे एक टक्का. गाईने २० किलो मुरघास खाल्ला की तिच्या पोटात २०० ग्रॅम युरिया गेला. ४०० किलोच्या गाईला दिवसभरात १२० ग्रॅमच्या आसपास हद्द मानतात, तीही हळूहळू सवय लावून आणि दाणा खाणाऱ्या जनावराला. वर गोळीपेंडीतही युरिया असू शकतो. शिवाय हाताने फेकलेला युरिया एके ठिकाणी गठ्ठा होऊन पडतो. आणि युरियाचा अमोनिया झाला की आंबटपणा कमी होतो, जो आपण मुद्दाम तयार करतोय. प्रथिनं वाढवायची तर पेंड वाढवा.

गूळ किंवा मळी (मोलॅसिस) लागते ती नेपिअर गवताला. वाण फुले जयवंत असो की दुसरा काही, ६० दिवसांचं नेपिअर १८-२० टक्केच शुष्क असतं आणि साखर कमी. कापून एक दिवस सुकवा. सुकवता येत नसेल तर टनभर नेपिअरमध्ये १५० किलो कडब्याची कुट्टी मिसळा, शुष्क भाग २७ ते २९ टक्क्यांपर्यंत जातो. वर टनाला २० ते ३० किलो मळी तितक्याच पाण्यात पातळ करून. उसाच्या वाढ्याची गोष्ट उलटी, तिथे साखर जास्त आणि यीस्टमुळे दारूसारखा वास सुटतो.

माळरान
वरचा काळा थर?

कुट्टीवाला
झाकणामुळे. खड्डा दोन दिवसांत भरून त्याच संध्याकाळी बंद झाला पाहिजे. रात्रभर उघडा राहिला तर हवेतल्या हवेत साखर जळत राहते, हात घातला तर गरम लागतो. भरताना मधे उंचवटा ठेवा, पाणी वाहून गेलं पाहिजे. १२५ ते १५० मायक्रॉनचा काळा-पांढरा कागद, पांढरी बाजू वर. काळी बाजू वर टाकली की एप्रिलच्या उन्हात वरचा थर शिजतो. भिंतींनाही आतून कागद लावून तो वर दुमडून घ्या, कारण सिमेंटच्या भेगांतून हवा जाते.

वरून वजन म्हणून टायर टाकतात. टायरमध्ये पावसाचं पाणी साचून डास होतात आणि जुन्या टायरच्या तारा तुटून मुरघासात पडतात. वाळू भरलेल्या पोत्या एकमेकींना चिकटवून ठेवा, कडेला दुहेरी. मांजर-कुत्र्याच्या नखांनी भोक पडलं तर त्याच दिवशी मुरघासाच्या टेपने चिकटवा, पार्सलची टेप उन्हात आठवड्यात सुटते.

पशुवैद्य_घाटमाथा
तारेचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. तार जाळीपोटात (गाईच्या पोटाच्या एका कप्प्यात) रुतते, पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत जाते. गाय पाठ कमान करून उभी राहते, उतारावर चालायला नको म्हणते, दूध एकदम उतरतं. तोवर बराच उशीर झालेला असतो.

खराब मुरघासाचं सांगतो. पांढरी, निळसर-हिरवी बुरशी दिसली तर तो भाग आणि त्याच्याभोवतीचा वीतभर चांगला दिसणारा भागही फेकायचा, कारण बुरशीचं विष नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. अफलाटॉक्सिन हे असंच एक विष चाऱ्यातून दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. फेकलेला माल गोठ्याच्या दारात टाकू नका, शेळ्या तो खातात. नीट न आंबलेल्या मुरघासात, म्हणजे सामू (pH) ५ च्या वर राहिलेल्यात, लिस्टेरिया नावाचा जंतू वाढतो. शेळी-मेंढी त्याने मान एका बाजूला करून गोल गोल फिरते. गाभडतातही. बॅगेत किंवा गाठीत उंदीर, साप मेलेला सापडला तर ती आख्खी टाका. मेलेल्या प्राण्याभोवती बोट्युलिझमचं विष तयार होतं, जनावराचे पाय लुळे पडतात, जीभ लोंबते आणि उपाय फारसा हाती नसतो.

चांगला मुरघास ओळखायचा वासावर: आंबूस, जरा फळासारखा, रंग पिवळट-हिरवा, सामू ३.८ ते ४.२. नाकात झोंबणारा व्हिनेगरचा वास म्हणजे आंबवण भरकटलीय, जनावर कमी खाईल. खवट लोण्यासारखा आणि बोटांना चिकटून राहणारा वास म्हणजे माती गेली किंवा ओला भरला. गोड, करपलेला, तंबाखूसारखा वास आणि तपकिरी रंग फसवा आहे. गाई तो आवडीने खातात, पण उष्णतेने प्रथिनं बांधली गेलेली असतात आणि अंगी लागत नाहीत.

माळरान
डॉक्टर, किती दिवसांनी उघडायचा? आणि वासरांना?

पशुवैद्य_घाटमाथा
२१ दिवसांआधी नको, ४५ दिवस थांबता आलं तर दाण्यातलं पीठ जास्त पचतं. सुरुवात ५ किलोने करून आठ-दहा दिवसांत २० वर न्या. धारेनंतर घाला, आधी घातला तर दुधाला वास येतो. चार महिन्यांखालच्या वासरांना नको. सुकी वैरण बंद करू नका, दिवसाला ३-४ किलो कडबा पोटात जायलाच हवा, रवंथ त्यावर चालते.

एक धोक्याचं. खड्डा खोल असेल तर भरल्यावर पहिले तीन दिवस त्यात डोकावू नका, आणि तीन आठवडे त्यात उतरू नका. खत जास्त झालेल्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या पिकातून पिवळसर-तपकिरी, ब्लीचिंगसारख्या वासाचा नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि फुप्फुसं जाळतो. कार्बन डायऑक्साइड तर दिसतही नाही. पूर्वीच्या विहिरीसारख्या गोल खड्ड्यांत ही भीती सर्वांत जास्त. एक पडला म्हणून दुसऱ्याने उडी मारायची नाही, तोही पडतो. मेणबत्ती सोडून बघायचा जुना उपाय नायट्रोजनच्या वायूला ओळखत नाही.

नांगरफाळ
ज्वारीचा मुरघास केला तर किराळ लागण्याची, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा होण्याची भीती जाते का?

पशुवैद्य_घाटमाथा
कमी होते, जात नाही म्हणून सांगतो. कोवळी, खुरटलेली किंवा कापल्यावर परत फुटलेली ज्वारी थेट घालणं सर्वांत वाईट. फुलोऱ्यानंतर दाणा चिकात असताना कापून मुरवली आणि तीन-चार आठवडे ठेवली तर विष बरंच उतरतं.

उडवी
कडब्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. आमच्या कोकणात भाताच्या पेंढ्याची उडवी रचतात, घाटावर कडब्याची गंज किंवा वळई. नियम एकच, पाणी खालूनही चढतं आणि वरूनही उतरतं. खाली फूटभर उंच दगड-लाकडांचं बूड, त्यावर पाचट. पेंढ्या बुडखे बाहेर आणि शेंडे आत, बाहेरच्या बाजूला उतार, म्हणजे पागोळी बाहेर पडते. मधला भाग कायम कडेपेक्षा उंच ठेवत जायचं, हेच बरेच जण विसरतात. मधे खोलगट राहिलं की पहिल्याच वळवाच्या पावसाचं पाणी गंजीच्या पोटात जातं. वर छपरासारखा आकार, ताडपत्री फक्त शेंड्याला. पूर्ण गुंडाळली तर आतला दमटपणा कोंडून कडबा काळा पडतो.

पेंढी बांधायच्या आधी बुडाकडच्या पेरात ओल तपासा. पान वाळतं, देठ नाही. पेर मोडल्यावर कटकन आवाज आला तर बांधा. नुसतं वाकलं तर बुचाडात (उभ्या रचलेल्या ढिगात) अजून ठेवा.

रवंथ
लसूणघासाची पानं हाच त्याचा सगळा कस आहे. दुपारी वाळलेला घास उलटला की पानं गळून शेतात राहतात आणि घरी येतात काड्या. सकाळी दव असताना उलटा, दुपारनंतर गोळा करा. साठवताना ओल १५ टक्क्यांच्या आत. मीटर नसेल तर बरणीचा उपाय: काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर बारीक तुकडे आणि चमचाभर वाळवलेलं मीठ, दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. मीठ सुटं राहिलं तर साठवा. गोळे झाले किंवा काचेला चिकटलं तर अजून वाळवा.

कुट्टीवाला
ओली गाठ रचली तर ती आतून तापते, आणि हा धोका पहिल्या सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. घासाच्या, भुशाच्या गाठींच्या थप्पीत लोखंडी सळई खुपसून १५-२० मिनिटं ठेवा, काढून हातात धरा. धरवत नसेल तर तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर आहे. ५५ पर्यंत दिवसातून दोनदा बघा. ६५-७० ला गेलं तर अग्निशमनला कळवून पाण्याची सोय उभी करूनच थप्पी हलवायला घ्या. ८० ला आत आग असू शकते. थप्पी उघडली की हवा मिळून भडकते, आणि वर चढलं तर आतला जळालेला पोकळ भाग खचून माणूस खाली जातो.

गोदामात गाठींच्या वरून वायर नेऊ नका. कडबाकुट्टीची मोटर वैरणीच्या खोलीत ठेवू नका. आणि वैरण गोठ्याला लागून तर नकोच.

पशुवैद्य_घाटमाथा
काळपट पडलेला भाताचा पेंढा म्हशीला घालू नका. बुरशीच्या विषाने कान, शेपटी, खुर यांचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि शेंडे गळून पडतात. देगनाला म्हणतात त्याला. पेंढा उन्हात टाकला तरी विष जात नाही.

माळरान
मग खड्डा रद्द. ५०० किलोच्या बॅगा धरतो. कुठे ठेवायच्या?

कुट्टीवाला
झाडाखाली नको, सावली हवी असली तरी पक्षी आणि खारी भोकं पाडतात. छपराखाली, फरशीवर किंवा लाकडी फळीवर, एकावर एक न ठेवता. भिंत आणि बॅगा यांत दीड फूट वाट सोडा, दोन ओळींतही तितकीच. घूस अंधारात भिंतीला चिकटून चालते, वाट मोकळी असेल तर येत नाही आणि आली तर लेंड्या दिसतात. भरताना सांडलेले मक्याचे दाणे त्याच दिवशी झाडून काढा. प्रत्येक बॅगेवर मार्करने भरल्याची तारीख लिहा, आणि कुठल्या प्लॉटची तेही. एखादी खराब निघाली तर बाकीच्या कोणत्या तपासायच्या ते कळतं.